झिंबाब्वेतल्या आजीच्या बाकावर नेमकं काय होतं?

‘झिंबाब्वेत आज्या बाकावर बसून नैराश्य बरं करतात’ अशा मथळ्याचा व्हिडिओ दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी ग्रुपवर टाकतं. खाली हात जोडले जातात, ‘आपल्याकडेही आज्या हेच करायच्या’ असं कुणी लिहितं आणि विषय तिथेच थांबतो. बातमी खरी आहे, पण अर्धीच. त्या आज्या केवळ प्रेमळ आहेत म्हणून माणसं सावरत नाहीत. त्यांना काम शिकवलंय, ते मोजून पाहिलंय, आणि ते कुठवर पुरतं हेही ठरलेलं आहे. आफ्रिकेत मनाच्या आजारांवर आणि म्हातारपणीच्या स्मृतिभ्रंशावर जे काम चाललंय ते नीट कळायला हवं असेल, तर सुरुवात या बाकापासून करणं सोयीचं पडतं.

पंधरा डॉलर

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सांगितलं होतं की आफ्रिकेत दर पाच लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञ आहे. म्हणजे अख्ख्या कोल्हापूर शहराला मिळून एक डॉक्टर. तोही बहुतेक वेळा राजधानीतल्या मोठ्या रुग्णालयात, म्हणजे खेड्यातल्या माणसापासून दिवसभराच्या प्रवासावर.

डॉ. डिक्सन चिबांडा हे हरारेत काम करणाऱ्या अशाच मोजक्या मानसोपचारतज्ज्ञांपैकी एक. २००५ साली त्यांच्या एका तरुण रुग्ण मुलीने आत्महत्या केली. तिला पुन्हा तपासणीला आणायला हवं, हे तिच्या आईला कळत होतं. पण हरारेपर्यंतच्या बसभाड्याचे पंधरा डॉलर घरात नव्हते. ही गोष्ट चिबांडांनी स्वतः अनेकदा जाहीरपणे सांगितली आहे. आपण रुग्णालयात बसून माणसांची वाट पाहायची हीच पद्धत चुकीची आहे, हे त्यांना तेव्हा कळलं.

त्याच वर्षी सरकारने शहरांतल्या झोपड्या आणि टपऱ्या पाडायची मोठी मोहीम काढली होती. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार सुमारे सात लाख लोकांचं घर किंवा रोजगार गेला. हरारेतली म्बारे ही जुनी, दाट, कष्टकऱ्यांची वस्ती, आणि तिला या मोहिमेचा मोठा फटका बसला. चिबांडांना तिथेच काम करायचं होतं. पण त्यांना ना खोली मिळाली, ना पैसा, ना परिचारिका. त्या सगळ्या आधीच एचआयव्ही आणि बाळंतपणांच्या कामात बुडालेल्या. हाताशी होत्या फक्त चौदा आज्या. महापालिकेच्या दवाखान्याकडून घरोघरी फिरून क्षयाच्या गोळ्या, स्वच्छता, लसीकरण यांबद्दल सांगणाऱ्या या बायकांना तिथे ‘अंबुया उतानो’, म्हणजे आरोग्याच्या आजी, म्हणतात. आपल्याकडच्या आशाताईंसारखंच काम, फक्त वय जास्त.

खोली नव्हती म्हणून दवाखान्याच्या आवारात झाडाखाली लाकडी बाक आला. चिबांडांच्या मनात त्याचं नाव ‘मानसिक आरोग्याचा बाक’ असं होतं. आज्यांनी ते नाकारलं. अशा नावाच्या बाकावर दिवसाढवळ्या कोण बसेल, असं त्यांचं म्हणणं. तो मैत्रीचा बाक झाला तो त्यांच्यामुळे.

‘कुफुंगिसिसा’ म्हणजे काय?

शोना ही झिंबाब्वेतली सर्वांत मोठी भाषा. तिच्यात ‘डिप्रेशन’ला नेमका प्रतिशब्द नाही. पण ‘कुफुंगिसिसा’ आहे. अर्थ असा, की अती विचार करणं, विचारांनी डोकं पोखरून जाणं. आपणही म्हणतोच की, ‘तिने जिवाला घोर लावून घेतलाय’, ‘विचार करून करून खंगली’. तज्ज्ञांच्या पुस्तकातला ‘नैराश्य’ हा शब्द आपल्या आजीने कधी उच्चारला नसेल, पण घोर काय असतो ते तिला चांगलंच माहीत होतं.

आता इथे एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. बाकावर येणाऱ्याला चौदा प्रश्न विचारतात. त्यांना शोना लक्षण-प्रश्नावली म्हणतात. ती नव्वदच्या दशकात हरारेत तयार झाली आणि ती करणाऱ्यांपैकी एक होते मुंबईत जन्मलेले डॉ. विक्रम पटेल. परदेशातली प्रश्नावली उचलून भाषांतर करण्याऐवजी तिथल्या लोकांच्या तोंडच्या तक्रारींतून प्रश्न घेतले. गेल्या आठवड्यात खूप खोलवर, नाना गोष्टींचा विचार करत बसलात का? क्षुल्लक गोष्टीवरून चिडलात का? पोटात दुखलं का? रडावंसं वाटलं का? काम मागे पडलं का? उत्तर फक्त हो किंवा नाही.

त्यानंतर पटेल गोव्यात आले आणि १९९६ साली ‘संगाथ’ ही संस्था उभी राहिली. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून नैराश्यावर मदत करण्याचं मोठं काम तिने गोव्यातल्या दवाखान्यांत केलं. म्हणजे हरारे आणि गोवा एकमेकांकडून शिकले. गरीब देशांनी फक्त लंडन-न्यूयॉर्ककडूनच शिकावं असं कुठे आहे?

मग बाकावर घडतं काय?

समजा एक बाई येते. भाडं थकलंय, नवरा मारतो, स्वतःला एचआयव्हीच्या गोळ्या चालू आहेत आणि मुलीला फीसाठी शाळेतून परत पाठवलंय. तिला यातलं काहीच वेगळं दिसत नाही. सगळं मिळून एकच ढीग.

लोकरीचा गुंडा गुंतला की आपण काय करतो? सगळा एकदम ओढला तर गाठी घट्ट बसतात. एक मोकळं टोक शोधायचं आणि तिथून हळूहळू सोडवत जायचं. आज्यांना हेच शिकवलेलं असतं. पहिली पायरी ‘कुव्हुरा प्फुंग्वा’, मन उघडणं. आजी विचारते आणि ऐकते, आणि बाई आपल्या अडचणी एकेक करून सांगते. मग त्यातली एक निवडायची. निवड बाईची, आजीची नव्हे. इथे सल्ला देण्याचा मोह आवरणं हेच आज्यांना सर्वांत कठीण जात असणार, असं मला वाटतं. आपल्या घरातल्या कुठल्याही आजीकडे पाहिलं तरी पटेल. बाईने समजा फी निवडली. मग या आठवड्यात काय करता येईल? मुख्याध्यापकांना भेटून हप्ते मागायचे. कधी? मंगळवारी. सोबत कोण? बहीण. इतकं बारीक ठरवूनच ती उठते. पुढच्या भेटीत आजी विचारते, काय झालं?

एक अडचण सुटली म्हणून गरिबी हटत नाही. पण आपण हलवलं तर काहीतरी हलतं, हा विश्वास गेलेला असतो, तो परत येतो. पुढच्या दोन पायऱ्यांची नावं याच अर्थाची आहेत: ‘कुसिमुद्झिरा’ म्हणजे उचलून धरणं आणि ‘कुसिंबिसा’ म्हणजे बळकट करणं. अशा सहा भेटी. त्यानंतर बाकावरून गेलेल्या माणसांचा गट भेटत राहतो. त्यात बायका टाकाऊ प्लास्टिकच्या पट्ट्यांपासून क्रोशाने पिशव्या विणतात आणि विकतात. बोलणं चालू, हात चालू, वर दोन पैसे सुटतात.

‘हे तर नुसतं मन मोकळं करणं झालं. त्याने आजार बरा होतो?’

शंका रास्त आहे. म्हणून चाचणी झाली. हरारेतले २४ दवाखाने घेतले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. एका गटात बाक आणि आजी. दुसऱ्यात नेहमीचे उपचार थोडे सुधारून, म्हणजे परिचारिकेशी बोलणं, माहिती, गरजेप्रमाणे औषध किंवा पुढे पाठवणं. एकूण ५७३ माणसं, बहुतेक बायका, आणि दहातल्या चौघांहून थोड्या जास्त जणांना एचआयव्ही. सहा महिन्यांनी मोजलं तेव्हा नेहमीच्या उपचारांच्या गटात शंभरातल्या ५० जणांत नैराश्याची लक्षणं होती. बाकाच्या गटात १४ जणांत. हे निष्कर्ष २०१६ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आले.

पण हे कुणासाठी, तेही त्या चाचणीत स्पष्ट होतं. ज्यांच्या मनात आत्महत्येचा विचार पक्का होता, ज्यांना भास होत होते किंवा ज्यांना स्मृतिभ्रंश होता, त्यांना त्यात घेतलंच नव्हतं. बाकावर असं कुणी आलं तर आजी त्याला वरच्या माणसाकडे सोपवते. कुणी काय करायचं आणि कुठे थांबायचं हे ठरवून कामाची वाटणी करण्याला या क्षेत्रात ‘टास्क शेअरिंग’ म्हणतात. आजीने डॉक्टर व्हायचं नसतं. डॉक्टरने ज्याला खरंच डॉक्टर लागतो अशा माणसासाठी मोकळं राहायचं, म्हणून आजी.

‘म्हणजे श्रीमंतांना डॉक्टर आणि गरिबांना आजी?’

या प्रश्नाने मला स्वतःला बराच काळ सतावलं. ‘समाजातच उपचार’ हे शब्द कानाला गोड लागतात आणि सरकारला स्वस्त पडतात, म्हणून त्यांच्या आडून काहीही होऊ शकतं. दक्षिण आफ्रिकेत झालंही. जोहान्सबर्ग ज्या प्रांतात येतं त्या गौटेंगच्या सरकारने ‘लाइफ एसिदिमेनी’ या संस्थेशी असलेला करार मोडला आणि २०१६ मध्ये तिथल्या हजारांवर मनोरुग्णांना घाईघाईने छोट्या छोट्या संस्थांकडे हलवलं. कागदावर कारण होतं, रुग्णालयाबाहेर माणसांमध्ये ठेवणं आणि खर्च वाचवणं. त्या संस्थांकडे धड जेवण नव्हतं, औषधं नव्हती, शिकलेली माणसं नव्हती. १४४ जण गेले. भुकेने, पाण्यावाचून, दुर्लक्षाने. निवृत्त उपमुख्य न्यायमूर्ती डिकगांग मोसेनेके यांनी महिनोन्‌महिने नातेवाइकांचं ऐकून घेतलं आणि २०१८ मध्ये सरकारला भरपाई द्यायला लावली.

म्हणून फरक नीट पाहायला हवा. हरारेत आजीला शिकवलं, तिच्या पाठीशी देखरेख ठेवली, परिणाम मोजले आणि दवाखान्याचं दार उघडं ठेवलं. गौटेंगमध्ये यातलं काहीही न करता रुग्ण गाडीत बसवले. दोन्हीला एकच नाव देता येतं, हाच धोका आहे.

आणि माणसांमध्ये ठेवून उपचार हा काही आफ्रिकेवर बाहेरून आलेला स्वस्त पर्याय नाही. नायजेरियात अबेओकुटा शहराजवळ आरो इथे डॉ. थॉमस अदेओये लाम्बो यांनी १९५४ मध्ये हेच केलं होतं. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेले ते नायजेरियातले पहिले मानसोपचारतज्ज्ञ. रुग्णाने सोबत एक नातेवाईक आणायचा, रुग्णालयाशेजारच्या खेड्यांतल्या शेतकरी कुटुंबांत राहायचं, दिवसा उपचार घ्यायचे, जमेल तसं शेतात काम करायचं. लाम्बो परंपरागत वैद्यांनाही सोबत घेत. पुढे ते जागतिक आरोग्य संघटनेचे उपमहासंचालक झाले.

साखळ्या कोण तोडतं?

बाक ज्यांच्यासाठी नाही अशांचं काय? तीव्र मानसिक आजारात माणूस ओरडतो, पळतो, कधी मारतो. जवळ दवाखाना नसला की घरचे घाबरतात आणि झाडाला किंवा ओंडक्याला साखळीने बांधतात. पश्चिम आफ्रिकेत काही प्रार्थना शिबिरांतही हे चालतं. हे वाचून तिथल्या लोकांना क्रूर म्हणण्याआधी आपल्याकडचे दर्गे, देवस्थानं आणि मागच्या खोल्या आठवाव्यात.

आयव्हरी कोस्टमधल्या बुआके शहरात ग्रेगोआर आहोंगबोनोन नावाचे, मूळचे बेनिनचे गृहस्थ गाड्यांचे टायर दुरुस्त करायचे. त्यांनी १९८३ मध्ये सेंट कामील ही संस्था सुरू केली. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना ते आसरा देत. मग खेड्यांत जाऊन बांधलेल्यांच्या साखळ्या तोडायचं काम सुरू झालं. ते डॉक्टर नाहीत. पण त्यांच्या केंद्रांत औषधं दिली जातात, आणि बरे झालेले रुग्णच पुढे तिथे नव्या रुग्णांची आंघोळ-जेवण पाहतात.

मांत्रिकांवर थेट बंदी का घालत नाहीत, असं विचारलं जातं. बंदी घातली तर लोक जायचे थांबत नाहीत, लपून जातात. नायजेरियातल्या इबादान शहरातले प्राध्यापक ओये गुरेजे आणि सहकाऱ्यांनी नायजेरिया आणि घानात उलटी वाट धरली. आरोग्य कर्मचारी त्या बाबांच्या ठिकाणीच जाऊ लागले. बाबाची प्रार्थना चालू राहिली, सोबत औषध सुरू झालं आणि मारहाण-साखळ्या कमी करण्यावर बोलणं झालं. २०२० मध्ये निकाल आले; सहा महिन्यांनी या रुग्णांची लक्षणं इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी होती.

कायद्यातही हालचाल आहे. नायजेरियात वेड्यांसाठीचा वसाहतकालीन कायदा जाऊन २०२३ च्या जानेवारीत नवा मानसिक आरोग्य कायदा आला. केनियाच्या उच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं कलम घटनाबाह्य ठरवलं.

विसरणं हा आजार आहे, हे कसं ओळखायचं?

आता स्मृतिभ्रंश. मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होत जातात, आधी आठवण, मग वेळ-जागेचं भान, मग रोजची कामं सुटतात. अल्झायमर हा त्याचा सर्वांत मोठा प्रकार. आपल्या भाषेत याला फार दिवस ‘म्हातारचळ’ हाच शब्द होता, आणि ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय मिटायचा.

ओळखायच्या चाचण्या युरोप-अमेरिकेत बनल्या. घड्याळ काढा, एक वाक्य लिहा, शंभरातून सात वजा करत जा. ज्या बाईने जन्मात पेन्सिल धरली नाही तिला यात शून्य मिळणार, तिची स्मरणशक्ती कितीही शाबूत असो. इबादानच्या डॉक्टरांनी मग साधा उपाय काढला: काडेपेटीतल्या चार काड्या. समोर काड्यांची आकृती मांडायची आणि तशीच मांडून दाखवा म्हणायचं. चूल पेटवणाऱ्या हाताला काडी अनोळखी नसते. टांझानियात किलिमांजारोच्या पायथ्याच्या हाई जिल्ह्यासाठी बनवलेल्या चाचणीतही काड्या आहेत, आणि मिनिटभरात जनावरांची नावं सांगणं आहे. याच हाईमध्ये सत्तरी ओलांडलेल्या सुमारे बाराशे लोकांना गावोगाव जाऊन तपासलं तेव्हा शंभरात सहाहून थोड्या जास्त जणांत स्मृतिभ्रंश आढळला. ‘आफ्रिकेत हा आजार नसतोच’ ही जुनी समजूत तिथे संपली.

त्याआधी, १९९२ पासून, इबादानचे योरुबा समाजातले वृद्ध आणि अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचे कृष्णवर्णीय वृद्ध यांचा एकाच पद्धतीने वर्षानुवर्षं अभ्यास झाला होता. इबादानमध्ये वर्षाला शंभरातल्या १.३५ जणांना नव्याने स्मृतिभ्रंश होत होता, इंडियानापोलिसमध्ये ३.२४ जणांना. म्हणजे आजार दोन्हीकडे आहे, पण इबादानमध्ये निम्म्याहून कमी. वंशाचं मूळ मिळतंजुळतं असूनही हा फरक पडला, म्हणजे राहणीमान, आहार, रक्तदाब यांचा हात असणार, हा विचार तिथून बळावला.

‘आफ्रिका तर तरुण आहे, आत्ताच काय घाई?’

तरुण आहे म्हणूनच. आजचे चाळिशीतले लोक २०५० साली सत्तरीला येतील, आणि त्यांचं आयुष्य त्यांच्या आजोबांसारखं नाही. शहर, बैठं काम, तेलकट खाणं, न तपासलेला रक्तदाब. जगभरच्या आकडेवारीवरून केलेल्या २०२२ च्या एका मोठ्या अंदाजानुसार २०१९ ते २०५० या काळात जगातले स्मृतिभ्रंशाचे रुग्ण सुमारे ५ कोटी ७० लाखांवरून १५ कोटी ३० लाखांवर जातील. पूर्व आफ्रिकेत ही वाढ साडेतीनशे टक्क्यांहून जास्त असेल.

आणि तिथे आजार न ओळखण्याची किंमत भयंकर आहे. रात्री भटकणारी, शेजाऱ्याच्या घरात शिरणारी, स्वतःशी बडबडणारी म्हातारी चेटकीण ठरते. उत्तर घानात गांबागासारख्या ठिकाणी चेटकीण म्हणून हाकललेल्या बायकांच्या वस्त्या आहेत. केनियाच्या किसी आणि किलिफी भागांत म्हाताऱ्या माणसांचे या आरोपावरून खून झाले आहेत. तिथे ‘हा आजार आहे, याचं नाव अमुक’ एवढं गावाला पटवणं हा जीव वाचवणारा उपचार आहे.

औषधाने स्मृतिभ्रंश बरा होत नाही, हे खरं. तरी करण्यासारखं बरंच असतं. हाईमध्ये आणि नायजेरियात छोट्या गटांत बसवून जुनी गाणी, खेळ, ओळखीच्या वस्तू यांतून मेंदूला चालना देण्याचे उपचार तिथल्या जगण्याशी जुळवून घेऊन वापरले गेले. आणि सांभाळणाऱ्याला आधार देता येतो.

सांभाळणारी

माझी आत्या शेवटची सहा वर्षं आमच्याकडे होती. दिवेलागणीला ती बोचकं बांधायची. त्यात एक लुगडं, पितळी तांब्या आणि वीस वर्षांपूर्वी विकलेल्या घराची किल्ली. ‘चला, घरी जाऊ, गाय हंबरत असेल’, असं म्हणत दाराशी उभी राहायची. तालुक्याच्या डॉक्टरने ‘वयामुळे होतं’ म्हणून टॉनिक लिहून दिलं. आई रोज संध्याकाळी तिच्याबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत चालत जायची आणि ‘आता अंधार झाला, उद्या जाऊ’ म्हणून परत आणायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

गोव्यात तिसवाडी आणि बार्देश या दोन तालुक्यांत डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांबरोबर एक प्रयोग केला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. शिकवून तयार केलेले गृहसल्लागार घरी जायचे, आजार समजावून सांगायचे, चिडलेल्या-भटकणाऱ्या माणसाशी कसं वागायचं ते दाखवायचे आणि सांभाळणाऱ्याचं ऐकून घ्यायचे. रुग्णाच्या वागण्यात म्हणावा तितका फरक पडला नाही. सांभाळणाऱ्याच्या मनावरचा ताण मात्र खात्रीने कमी झाला. हरारेतल्या बाकाचाच हा दुसरा अवतार, फक्त बाक घरात आला. आफ्रिकेतही सांभाळण्याचा भार जवळजवळ सगळा लेकी-सुनांवरच आहे, त्यामुळे तिथल्या कामाला हा गोव्याचा अनुभव थेट उपयोगी आहे.

हा लेख लिहिताना शोना प्रश्नावलीचा पहिला प्रश्न मी आईला फोनवर मराठीत विचारला. गेल्या आठवड्यात कधी नाना गोष्टींचा खोल विचार करत बसलीस का?

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘हे वन्सं होत्या तेव्हा विचारायचं होतंस.’’